शेवटचे डोके वर येईपर्यंत

तेंदूटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, स्पर्धेच्या दिवशी चार हजार माणसे उभी असतात, आणि तरीही पाण्यावर पडणारा प्रत्येक हात ऐकू येतो. उद्या सकाळी आपण सर्व जण हे स्वतः अनुभवाल. समोर ती टेकडी दिसते आहे, तिच्या पायथ्यापासून पोहायला सुरुवात करायची आणि तीन किलोमीटर पाणी कापून या पाळीला लागायचे, एवढीच स्पर्धा. कोजागरीनंतरच्या पहिल्या रविवारी ती होते. सुटण्याची खूण म्हणून बंदूक उडत नाही, भोंगा वाजत नाही. पांढरा फेटा वर धरतात आणि खाली आणतात. ध्वनिक्षेपक येथे लावू दिला जात नाही. सोबतीला कयाक घेऊन फिरणाऱ्या जीवरक्षकांच्या गळ्यात शिट्ट्या असतात, पण त्या केवळ संकटासाठी. म्हणूनच त्या वाजल्या तर पहिल्या फुंकरीला ऐकू जातात.

बाहेरगावच्या पोहणाऱ्यांना याचे नवल वाटते, क्वचित वाईटही वाटते. गेल्या वर्षी नाशिकहून आलेली एक मुलगी पाण्यातून बाहेर आली आणि ओठ चावत मला म्हणाली, "मॅडम, मी तिसरी आले. एकानेही टाळी वाजवली नाही. इथल्या लोकांना आमचे पोहणे आवडले नाही का?"

तिला जे सांगितले, तेच आपल्याला सांगते. ही हकिकत कोठेही लिहिलेली नाही. चौथीच्या वर्गाला मी ती सदतीस वर्षे सांगितली आणि जवळजवळ दर वर्षी ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, घरातले एखादे मूल हात वर करून म्हणे, "बाई, तसं नाही ते." त्यामुळे आता मी जी सांगते, ती पुष्कळ दुरुस्त झालेली आहे.

आमच्या भागातले जुने तलाव कोहळ्यांनी, म्हणजे कोहळी या शेतकरी समाजाने, बांधले. दोन टेकड्यांच्या मधली मोकळी जागा हेरायची, तेथे मातीची पाळ घालायची, पाण्याच्या अंगाला दगड बसवायचे, आणि पाळीच्या पोटातून पाणी सोडायला दगडी वाट ठेवायची. या वाटेला आमच्याकडे तुडुम म्हणतात. तुडुमाची भोके लाकडी खुंट्यांनी बंद केलेली असतात. धानाला पाणी हवे झाले, की कोणी तरी बुडी मारून खुंटी उपसावी लागते. तलाव बांधला कोहळ्यांनी, परंतु त्याचे पाणी मोकळे करण्याचे काम ढिवरांचे. मासे धरणारी, शिंगाडे काढणारी, जन्मापासून पाण्यात वावरणारी ही माणसे. त्यांच्यातला जो सर्वांत खोल जाई, तो गावाचा पाणबुड्या. हंगामातला पहिला मोठा मासा त्याच्या घरी पोहोचता होई आणि गावाच्या बैठकीत तो पाटलाच्या शेजारी बसे.

पाणबुड्या पाण्याखाली गेला, की पाळीवर ढोल वाजे. तो वर येईपर्यंत ढोल थांबवायचा नाही, असा कडक नेम होता. ढोल थांबला तर खालच्या माणसाचा दम तुटतो, असे सारे गाव मानत असे. ढोलाबरोबर लोक पाय आपटत, हाका मारीत, पाणबुड्याचे नाव घेऊन ओरडत. त्या गलबल्यात माया होती, हे कृपा करून आधी ध्यानात घ्यावे. ते ध्यानात घेतले नाही, तर पुढे जे घडले त्याची किंमत कळणार नाही.

त्या काळी दसरू नावाचा ढिवर गावाचा पाणबुड्या होता, असे सांगतात. किती वर्षे झाली, ते नक्की कोणी सांगू शकत नाही. कोणी दोनशे म्हणतो, कोणी तीनशे. मी साल सांगणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. दसरूला एकच मुलगी होती. तिचे नाव बिरजा. शिंगाड्याचे वेल सोडवताना ती बापाबरोबर पाण्यात उतरे आणि खुंट्या उपसतानाही त्याच्या अंगाला अंग लावून असे. लोकांना ते बापलेकीचे प्रेम वाटे. प्रेम तर होतेच. पण कारण निराळे होते. वर्षानुवर्षे खोल पाण्यात जाणाऱ्या माणसाचे कान जातात. दसरूचे गेले होते. चार वर्षे त्याने ते कोणाला कळू दिले नव्हते. समोरच्याच्या चेहऱ्यावरून तो अंदाज बांधी आणि जेथे अंदाज चुकण्याची भीती असे, तेथे बिरजा त्याच्याआधी उत्तर देई. ही गोष्ट उघडी पडली असती, तर पाणबुड्याचा मान गेला असता. दसरूजवळ त्या मानाखेरीज मोठेपणाचे दुसरे काही नव्हते.

आश्विनातली ती सकाळ होती. पाऊस सरला होता, आभाळ धुतल्यासारखे निळे होते, तलाव काठोकाठ भरला होता आणि खालच्या पाच गावांचे धान लोंबीवर आले होते. गवत कापायला गेलेल्या एका बाईला पाळीच्या मागच्या पायथ्याशी पाणी दिसले. पाळ मातीची असली, की थोडे पाणी झिरपतेच. ते स्वच्छ असते तोवर कोणी काळजी करीत नाही. हे पाणी गढूळ होते. गढूळ पाण्याचा अर्थ येथले शेंबडे पोरही सांगेल: पाणी वाटेने येताना पाळीची माती बरोबर घेऊन येत आहे.

गावचे पाटील उरकुडाजी धावत आले. ज्यांनी पाळ घातली, त्यांचा हा नातू. स्वतःही तेव्हा सत्तरीला टेकलेला. त्यांनी ते पाणी ओंजळीत घेतले, तळहातावर उरलेला गाळ अंगठ्याने चोळला आणि म्हणाले, "आजाची माती हाय ही."

खालच्या गावांना निरोप गेले. माणसे टेकडीवर चढू लागली, पण तान्ही मुले, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, बांधलेली गुरे, घरे आणि उभे धान इतक्या घाईत कोठे हलणार? पाळीच्या मागून माती लोटून पाहिली. पाण्याने ती खाऊन टाकली. भोक पाण्याच्या बाजूने बुजवल्याशिवाय उपाय नव्हता. बुजवायचे कशाने, हे ठरलेले होते. धानाची तणस, म्हणजे वाळलेला पेंढा, काळ्या चिखलात मळून घागरीएवढा बोळा करायचा आणि भोकाच्या तोंडात दाबायचा. अडचण एवढीच होती, की तोंड कोठे आहे ते कळत नव्हते. खेकड्यांनी आणि घुशींनी कोरलेली वाट सरळ नसते. पाणी येथे बाहेर पडले म्हणून तेथेच आत शिरले असेल, असे नाही. पाळ चारशे पावले लांब, आणि तिचे दगड तीन पुरुष खोल.

दसरूने बुडी मारली. पाळीवर चैतरामचा ढोल सुरू झाला. चैतराम म्हणजे गावाचा ढोलवाला. दसरूच्या प्रत्येक बुडीला त्यानेच वाजवले होते. लोक पाय आपटू लागले, "दसरू, दसरू" असा एकच घोष उठला. दसरू वर आला, मान हलवली, दम घेतला, पुन्हा गेला. एकदा, दोनदा, पाचदा. मागच्या पायथ्याशी मनगटाएवढी असलेली धार मांडीएवढी झाली. त्याने नऊ बुड्या मारल्या, असे सांगतात. नवव्या वेळी तो दगडाला धरून राहिला आणि त्याच्या नाकातून रक्त आले.

उरकुडाजी काठावर वाकले. "दसरू, काई सुगावा लागते का गा?"

दसरू धापा टाकीत पाण्याकडे पाहत राहिला. नेहमीप्रमाणे बिरजा म्हणाली, "बाबा म्हन्ते, अजून नाई लागला."

"तुले नाई इचारलं, पोरी," पाटील म्हणाले. "त्याले इचारलं. अना तो तर तोंडच उघडला नाई."

दसरूने बिरजाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि काय झाले ते त्याला समजले. तेथे तो काही तरी बोलून वेळ मारून नेऊ शकला असता. चार वर्षे त्याने तेच केले होते. आमच्याकडे सांगणारे येथे नेहमी थोडे थांबतात. मग सांगतात, की दसरू पाण्यात कंबरेइतका उभा राहिला आणि साऱ्या गावादेखत मोठ्याने म्हणाला, "पाटील, मले आयकू येत नाई. चार सालं झाले."



"मंग आजवर खुट्या कशा काहाडल्या?" पाटलांनी विचारले. दसरूने त्यांच्या ओठांवरून ते ओळखले.

"खुटी हातानं सापडते. मले तिची जागा पाठ हाय. भोक हातानं नाई सापडत, कानानं सापडते. पानी आत ओढलं जाते, तवा खाली आवाज होते. त्याच्या मागं जावं लागते." त्याने मुलीकडे बोट दाखवले. "माह्या बिरजाले आयकू येते. तिले जाऊ द्या."

गावात कुजबूज झाली. चैतराम पुढे आला. "म्हंजे आता पोट्टी बुडी मारनार, अना आपुन पाहत बसनार?"

"पाहत बसा, काका," बिरजा म्हणाली. "पन ढोल वाजवू नोका."

"का म्हन्लं?"

"ढोल बंद. पाय आपटनं बंद. तुमी वर ठोकता थे दगडादगडातून खाली उतरते. मी बाबासंग खाली रायते, मले मालूम हाय. तुमच्या ढोलाबिगर खाली काईच आयकू येत नाई."

चैतरामला ते लागले. तो मोठा मानी माणूस होता, म्हणे. "माह्या बापानं तुह्या आज्यासाठी वाजवला. मी तुह्या बापासाठी वीस सालं वाजवला. हात फुटले, रगत आलं, पन थांबलो नाई. आज तुह्यासाठी थांबलो अना तू वर आली नाई, त मी तुह्या मायले कोन्तं तोंड दाखवू?"

"अना काका, थे भोक तुमच्या ढोलाले भेवून सोताच बाहेर येनार हाय का?"

कोणाला तरी हसू फुटले. त्या सकाळचे ते पहिले हसू होते. चैतराम मात्र हसला नाही. त्याने पाटलांकडे पाहिले. साऱ्यांनीच पाटलांकडे पाहिले. विचार करा, त्या म्हाताऱ्यापुढे काय होते. एका बाजूला पिढ्यांचा नेम, आणि तो मोडला तर पोरीचा जीव जाईल ही गावाची खात्री. दुसऱ्या बाजूला आजाने घातलेली पाळ आणि तिच्याखालची पाच गावे. उरकुडाजींनी डोक्याचा पांढरा फेटा उतरवला. चारचौघांत बोडक्या डोक्याने ते कधीच उभे राहिले नव्हते. फेटा त्यांनी काठीला बांधला आणि काठी वर धरली.

"हा फेटा वर हाय तवर," ते म्हणाले, "कोनाच्या नाकाचाबी आवाज येऊ नये."

मग गावाने जे केले, त्याचा आम्हांला अजून अभिमान आहे. ओरडणे सोपे असते. दोन-अडीचशे भेदरलेल्या माणसांनी गप्प राहणे फार कठीण. बैलांच्या गळ्यातल्या घंटांत गवत कोंबले गेले. बायकांनी पायांतले वाळे काढून ओटीत घेतले आणि हातांतल्या बांगड्यांवर पदर गुंडाळले. लहान मुलांना टेकडीपलीकडे नेले. खोकल्याची उबळ येणारे दोन म्हातारे कोणी न सांगता उठले आणि खाली गावात, पाळ फुटली असती तर जेथे प्रथम पाणी शिरले असते तेथे, जाऊन बसले. ज्यांना पाळीवर राहायचे होते, त्यांनी जेथे होते तेथेच पाय रोवले. चैतरामने ढोल खाली ठेवला नाही. गळ्यात अडकवलेल्या ढोलाच्या दोन्ही बाजूंवर त्याने तळवे दाबून धरले, वाऱ्यानेसुद्धा तो घुमू नये म्हणून.

बिरजाने केस मोकळे सोडले. तेही बापानेच शिकवलेले होते. पाण्याची ओढ हाताला कळण्याआधी केसांना कळते. ते जिकडे वळतील, तिकडे भोक. तिने श्वास भरून घेतला आणि खाली गेली.

दसरू डोंग्यात बसून तिच्या मागोमाग निघाला. डोंगा म्हणजे एकाच झाडाचे खोड कोरून केलेली होडी. आपल्या कयाकांची ती थोरली आजी समजा. त्याला ऐकू येत नव्हते, पण पाण्यावर फुटणारा प्रत्येक बुडबुडा तो पाहत होता. बिरजा वर आली आणि हाताने डावीकडची खूण केली. दुसऱ्यांदा वर आली, आणखी डावीकडे. लोक जेथे गढूळ पाणी पाहून शोधत होते, तेथून ती साठ पावले लांब गेली. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा तिने दोन्ही हात पुढे केले. दसरूने तणशीचा बोळा तिच्या हातांत दिला, आणि ती पुन्हा गेली.

ती वर येईना.

पाळीवर शब्द नव्हता. बिरजाच्या आईने पदर तोंडात कोंबला होता. चैतरामच्या तळव्यांखालचे कातडे घामाने भिजले. ढोल थांबला की दम तुटतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते, आणि ढोल त्याने स्वतःच्या हातांनी थांबवला होता. एक थाप मारली असती, तर त्याच्या जिवाचा भार उतरला असता. त्याने ती मारली नाही.

दसरू पाण्याकडे पाहत होता. आतापर्यंत बुडबुडे पुढे सरकत होते. आता ते एकाच जागी येऊ लागले, मग विरळ झाले. डोंग्यात शिंगाड्याचे वेल कापायचा विळा पडलेला होता. तो त्याने दातांत धरला आणि सकाळपासूनची दहावी बुडी मारली.

खाली काय झाले, ते बिरजाने नंतर सांगितले. भोक तिला अचूक सापडले. आधी आवाजाने जवळ आणले, मग केसांनी तोंड दाखवले. पण तिने बोळा दाबला त्याच क्षणी केस आत ओढले गेले आणि बोळ्याखाली अडकले. डोके दगडाला टेकले. बोळा काढला तर केस सुटले असते. पण भोकही सुटले असते. तिने बोळा काढला नाही. दोन्ही हातांनी तो दाबून धरून ती तशीच राहिली. नऊ बुड्यांत ज्या बापाला भोक सापडले नव्हते, त्याला दहाव्या बुडीत मुलगी सापडली. त्याने विळ्याने तिचे केस मुळापासून कापले आणि तिला वर ढकलले.

बिरजाचे डोके पाण्याबाहेर आले. दोनशे माणसांच्या गळ्यापर्यंत आरोळी आली होती. चैतरामचा हात थाप मारायला उचलला गेला. बोलण्याइतका श्वास बिरजाजवळ नव्हता. तिने नुसता पंजा वर केला आणि मग बोटाने खाली दाखवले. बाप अजून खाली होता. बोळा पक्का बसला नव्हता, आणि तो पायांनी ठोकून बसवत होता. चैतरामचा हात तसाच हवेत राहिला.

त्याच वेळी मागच्या पायथ्याशी पाण्यावर नजर ठेवून बसलेल्या बाईने, सकाळी गढूळ पाणी पाहणारी तीच ती, धार बारीक होताना पाहिली. मांडीएवढी होती ती मनगटाएवढी झाली, मग करंगळीएवढी. तिनेही तोंड उघडले नाही. तिने दोन्ही हात डोक्यावर उंच धरले आणि पाळीवरच्या माणसांनी ते पाहिले. म्हणजे गाव वाचले, हे सर्वांना कळले होते. पाच गावे वाचली, धान वाचले, हे डोळ्यांसमोर होते. तरीही पाटलांनी फेटा खाली घेतला नाही आणि एकाही माणसाने आवाज केला नाही. कारण एक डोके अजून पाण्याखाली होते. मुलांना ही हकिकत सांगताना मी येथे त्यांना उभे करीत असे.

बिरजा डोंग्याच्या आड, त्याची कड धरून तरंगत होती. दसरू वर आला तो काठाच्या बाजूला तोंड करून. त्याने डोळ्यांवरचे पाणी निपटले आणि पाळीकडे पाहिले. ढोल वाजतो आहे की नाही, हे चार वर्षे तो चैतरामच्या हातांवरून ओळखत होता, आणि लोकांचा आनंद त्यांच्या उघड्या तोंडांवरून. आता सारी तोंडे मिटलेली होती. चैतरामचा हात हवेत थिजला होता. दसरूला एकच अर्थ कळला.

"वाजवत काहून नाई गा?" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "चैतराम, पोरगी कोठी हाय माही? वाजवत काहून नाई?"

मागून बिरजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला. तिचे कातरलेले डोके पाहून तो आधी रडला, आणि मग, म्हणे, म्हणाला, "तुही माय मले मारन."

पाटलांचा फेटा खाली आला, तरी कोणी ओरडले नाही. सर्व जण चैतरामकडे पाहत होते. चैतराम पाळीचे दगड उतरून ढोलासकट पाण्यात गेला, छातीइतक्या पाण्यात. कातडे भिजले तर ढोल बिघडतो, हे त्याच्याहून अधिक कोणाला ठाऊक होते? त्याने ढोल पाण्यावर उचलून धरला, दसरूचे दोन्ही हात घेतले आणि तळवे कातड्यावर टेकवले. मग ढोलाच्या दुसऱ्या बाजूवर त्याने पहिली थाप मारली. ती थाप दसरूच्या तळव्यांतून कोपरांपर्यंत गेली. चार वर्षांनी त्याला ढोल कळला. त्यानंतर पाळीवर जो आवाज झाला, तो खालच्या पाचही गावांत पोहोचला आणि टेकडीवरची माणसे घरी परतली.

दसरूचा मान गेला नाही. पुढच्या बैठकीत पाटलांनी त्याला शेजारीच बसवले आणि बिरजाला त्याच्या शेजारी. पुढे ती सव्वीस वर्षे गावाची पाणबुडी होती. केस तिने पुन्हा कधी वाढवले नाहीत. कापलेले केस बोळ्यासकट अजून पाळीच्या पोटात आहेत, असे सांगतात. माझ्या आठवणीत पाळीची दोनदा दुरुस्ती झाली आणि दोन्ही वेळा ढिवरांनी त्या जागेच्या दगडाला पहार लावू दिली नाही.

आजही आमच्या स्पर्धेत पहिला येणारा पोहणारा गुपचूप बाहेर येतो, टॉवेल गुंडाळतो आणि पाळीवर आमच्यात येऊन उभा राहतो. पदक त्याला मिळते. ढोल मिळत नाही. ढोलवाले तळवे दाबून वाट पाहतात ती शेवटच्याची. तो जवळ आला, की त्यांतला वडीलधारा पाण्यात उतरतो, त्या शेवटच्या पोहणाऱ्याचे हात कातड्यावर ठेवतो आणि मगच थाप पडते. चार हजार माणसे तोपर्यंत अडवून धरलेला सगळा आवाज त्याला देतात. गेल्या वर्षी पहिला एक्केचाळीस मिनिटांत आला. शेवटी आल्या त्या एक निवृत्त परिचारिका होत्या, दोन तास बारा मिनिटांनी. ऊन तापले होते. पाळीवरून एकही माणूस हलला नव्हता.

उद्या आपल्यांपैकी कोण पहिले येईल, हे मला ठाऊक नाही. कोण शेवटी येईल, हेही ठाऊक नाही. जे कोणी शेवटी याल, त्यांना एवढेच सांगणे आहे, की घाई करू नका. नीट श्वास घ्या आणि आपल्या गतीने या. आम्ही उभे असू.